शाळा बघायला गेलात तर आधी नववीचा पट विचारा

पाचवीला शाळा बदलायची असो की आठवीला, आपल्याकडे नाशकात शाळा बघण्याची पद्धत ठरलेली आहे. इमारत बघायची, मैदानावर नजर टाकायची, फी विचारायची आणि गेटवरच्या फ्लेक्सवर दहावीचा निकाल वाचायचा. निकाल १०० टक्के असला की घरी येऊन फॉर्म भरायचा. खरं तर चौकशी या १०० टक्क्यांपासून सुरू करायला हवी.

१०० टक्के निकाल म्हणजे जेवढी मुलं परीक्षेला बसवली तेवढी पास झाली, एवढंच. बसवली किती, हे फ्लेक्सवर कधीच नसतं. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाला, म्हणजे आठवीपर्यंत लागू आहे. २०२३ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही नापास झालेलं मूल त्याच वर्गात बसवता येतं, पण आठवी संपेपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. नववीत हे संरक्षण संपतं. निकाल जपणाऱ्या शाळा म्हणूनच आपली चाळणी नववीला लावतात. कुणाला थेट नापास करतात. कुणाच्या पालकांना एप्रिलमध्ये बोलावून 'पास करतो, पण दाखला घेऊन जा' असं गोडीत सांगतात. कुणाला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायचा सल्ला मिळतो. यातलं एकही मूल निकालाच्या टक्केवारीत दिसत नाही.

त्यामुळे मुख्याध्यापकांना तीन आकडे विचारा: दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती, त्यातली पुढच्या वर्षी नववीत किती होती आणि यंदा दहावीला किती बसली. १२०, ११८, ११५ असं उत्तर आलं तर काळजी नाही. बदल्या होतात, घरं बदलतात. १२०, ११२, ८४ असं आलं तर मधली २८ मुलं कुठे गेली ते विचारा, आणि उत्तर देताना समोरचा माणूस किती अवघडतो तेही बघा. आकडे सांगायचेच टाळले, तर यूडायस प्लस या शाळांची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर शाळेचा ११ अंकी क्रमांक टाकून इयत्तावार पट स्वतः बघता येतो. नाशिक जिल्ह्यातले हे क्रमांक २७२० ने सुरू होतात. शिक्षक किती आणि वर्गखोल्या किती हेही तिथेच कळतं.

आता 'खाजगी' या शब्दाबद्दल. बोलताना खाजगी म्हटलं की गंगापूर रोडवरची किंवा पाथर्डी फाट्याकडची इंग्रजी शाळा डोळ्यांसमोर येते. पण शहरातल्या जुन्या संस्थांच्या शाळाही खाजगीच आहेत. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, भोसला सैनिकी शाळा १९३७ ची. फरक मालकीचा नाही, शिक्षकांचा पगार कुठून येतो याचा आहे. अनुदानित तुकडीवरच्या शिक्षकाचा पगार सरकार देतं. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळेत तो तुमच्या फीतून निघतो. एकाच इमारतीत, एकाच संस्थेत दोन्ही प्रकारच्या तुकड्या असू शकतात, म्हणून शाळा अनुदानित आहे का एवढं विचारून भागत नाही, मुलाला मिळणारी तुकडी अनुदानित आहे का हे विचारावं लागतं.

अनुदानित शाळेची मोठी जमेची बाजू म्हणजे शिक्षक टिकतो. गणिताच्या बाईंनी आठवी ते दहावी एकच मूल शिकवलं तर त्याचं नक्की काय अडतं हे त्यांना ठाऊक असतं. सेमी इंग्रजीची सोय बहुतेक ठिकाणी आहे: गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. अकरावी विज्ञानाला जाणाऱ्या मुलाची भाषेची अडचण त्यानं बरीच कमी होते. आणखी एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते. आठवीतली एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांच्या मुलांना देता येते. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडलं गेलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. विनाअनुदानित शाळेत गेलं की तो दरवाजा बंद.

उणी बाजूही तितकीच खरी. तुकडीत साठ-सत्तर मुलं असतात. शाळा दोन सत्रांत भरते. निवृत्त झालेल्या शिक्षकाची जागा लवकर भरली जात नाही आणि त्या तासाला तासिका तत्त्वावरचा शिक्षक येतो. निवडणूक, जनगणना ही कामं याच शिक्षकांच्या वाट्याला येतात. म्हणून इथे विचारायचं ते असं: गणित, विज्ञान आणि इंग्रजीला नववी-दहावीच्या वर्गांवर पूर्णवेळ शिक्षक आहे की जागा रिकामी आहे?

विनाअनुदानित शाळेत हाच प्रश्न उलटा करून विचारायचा. तिथे शिक्षक असतोच, पण गेल्या वर्षी तोच होता का? दहावीच्या मध्यात गणिताचा शिक्षक सोडून गेला तर भूमितीची गाडी कुठेतरी अडते, आणि ती क्लासवाला ओढतो. शाळेच्याच आवारात आठवीपासून 'फाउंडेशन' (जेईई-नीटच्या तयारीचा वर्ग) चालवलं जात असेल तर ते तास वेळापत्रकात कुठून काढले ते बघा. बहुतेक वेळा चित्रकला, खेळ आणि मराठी यांच्यातून काढलेले असतात. मराठी तर २०२० च्या कायद्यानं सीबीएसई, आयसीएसईसकट सगळ्या शाळांत सक्तीची आहे, म्हणून 'आमच्याकडे मराठी नसते' असं कुणी अभिमानानं सांगितलं तर ती शाळा बाकीचे नियम कसे पाळत असेल याचा अंदाज येतो.

मंडळाच्या बाबतीत फसगत जास्त होते. 'सीबीएसई पॅटर्न' असं लिहिलेली शाळा सीबीएसईची असतेच असं नाही. पुस्तकं एनसीईआरटीची वापरायला कुणाचीच परवानगी लागत नाही. संलग्नता मात्र टप्प्याटप्प्यानं मिळते, आणि अनेक नव्या शाळांना आठवीपर्यंतच मिळालेली असते. मग नववीची नोंदणी संस्थेच्या दुसऱ्या शाळेतून होते आणि दाखल्यावर, गुणपत्रिकेवर भलतंच नाव येतं. सीबीएसईचा संलग्नता क्रमांक मागा. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांचा हा क्रमांक ७ अंकी असून ११३ ने सुरू होतो. संलग्नता माध्यमिक स्तराची आहे का आणि तिची मुदत कधी संपते, हे पत्रावर वाचा. ते पत्र, इमारतीचा सुरक्षा दाखला, अग्निशमनाचा दाखला, फी आणि ३ वर्षांचा निकाल शाळेच्या संकेतस्थळावर टाकणं सीबीएसईनं बंधनकारक केलं आहे. दुवा उघडत नसेल किंवा २०१९ चाच कागद लावलेला असेल, तर प्रत्यक्ष कागद बघितल्याशिवाय पैसे भरू नका. राज्य मंडळाच्या शाळेकडे मंडळानं शाळेला दिलेला दहावीचा इंडेक्स क्रमांक विचारायचा. शंका आली तर जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालयात चौकशी होते.

मंडळ बदलायचं असेल तर ते आठवीच्या आत उरकावं. नववीत सीबीएसईची नोंदणी होते आणि थेट दहावीत प्रवेश मिळणं नियमानं फार अवघड आहे. त्यात वेळापत्रकाचा घोळ. सीबीएसईचं वर्ष १ एप्रिलच्या सुमारास सुरू होतं, राज्य मंडळाच्या शाळेत तेव्हा वार्षिक परीक्षा चालू असते. मूल जूनमध्ये नव्या वर्गात बसतं तेव्हा एप्रिलचे दोन-तीन धडे होऊन गेलेले असतात. ते मे महिन्यात घरी करून घ्यायची तयारी ठेवा, नाहीतर पहिल्या चाचणीचे गुण बघून मूल खचतं आणि दोष नव्या शाळेला जातो.

परीक्षेची रचना ऐकायला सारखी वाटते. दोन्हीकडे १०० पैकी २० गुण शाळेच्या हातात. राज्य मंडळात गणिताचे ४०-४० चे दोन पेपर असतात, बीजगणित आणि भूमिती वेगळी. सीबीएसईत गणिताचा ८० गुणांचा एकच पेपर. राज्य मंडळात सहा विषयांतले सर्वोत्तम पाच धरून टक्के निघतात, शिवाय चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आणि खेळांचे वाढीव गुण मिळतात. तेव्हा ९२ टक्के ऐकून भारावून जाण्याआधी शाळेला एवढंच विचारा की गणितात ६० च्या खाली किती मुलं होती. शाळेची ताकद पहिल्या दहा मुलांत कळत नाही, कारण ती कुठेही गेली असती तरी चमकलीच असती.

फीबद्दल. 'वार्षिक फी ६०,०००' हे वाक्य अर्धवट आहे. पहिल्या वर्षीचे प्रवेश शुल्क, सत्र शुल्क, पुस्तकं, गणवेशाचे दोन-तीन जोड, बस, सहल, वार्षिक संमेलन हे सगळं एका कागदावर मागा. मग दहावीपर्यंतचा हिशेब करा. दरवर्षी १० टक्के वाढ धरली तर पाचवीतले ६०,००० दहावीत ९६,६३० होतात आणि सहा वर्षांची बेरीज साधारण ४ लाख ६३ हजार. बस वेगळी.

ही वाढ शाळेच्या मर्जीवर सोडलेली नाही. २०११ चा शुल्क विनियमन कायदा राज्यातल्या सीबीएसई, आयसीएसई शाळांनाही लागू आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे व्यवस्थापनानं किमान ६ महिने आधी प्रस्ताव ठेवायचा असतो, आणि ठरलेली फी २ शैक्षणिक वर्षं बदलत नाही. समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ते मुख्याध्यापकांच्या कक्षात 'निवडले' जातात आणि सह्या नंतर होतात. म्हणून मागच्या बैठकीचं इतिवृत्त दाखवा म्हणायचं. विभागीय शुल्क नियामक समितीकडे तक्रार करायला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ टक्के पालक लागतात, एकट्यादुकट्याचं तिथे चालत नाही. इमारत निधी, विकास निधी अशा नावानं पावतीशिवाय पैसे मागितले तर ते डोनेशन, आणि ते १९८७ पासून बेकायदा आहे. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत वजावट मिळते ती फक्त शिकवणी शुल्काची. बस आणि डोनेशन त्यात येत नाही, म्हणून पावतीवर शिकवणी शुल्क वेगळं लिहून घ्या.

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेल्यांनी एक गोष्ट आठवी लागायच्या आधीच ध्यानात घ्यावी. मोफत शिक्षण आठवीला संपतं, नववीची पूर्ण फी अंगावर येते. सातवीतच शाळेशी लेखी बोलणी करावीत, किंवा अनुदानित शाळेत आठवीलाच जागा बघावी. आयत्या वेळी चांगल्या तुकड्या भरलेल्या असतात.

अंतराचं गणित नाशकात किलोमीटरवर चालत नाही. नाशिकरोडहून गंगापूर रोड बारा-तेरा किलोमीटर, पण मध्ये द्वारका आणि मुंबई नाका आहे. सकाळी पावणेसातला बस लागते तेव्हा रस्ता मोकळा असतो, खरी परीक्षा परतीची. कामाच्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला तो रस्ता एकदा स्वतः गाडीनं करून बघा. पंचवटी, तपोवन बाजूची शाळा असेल तर २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत. त्या काळात शाळा कशी चालवणार आहेत हे आत्ताच विचारलेलं बरं, विशेषतः मूल त्या वर्षी दहावीत असणार असेल तर. बसमध्ये मदतनीस आणि मुलींसाठी महिला मदतनीस असते का, वेग नियंत्रक आहे का हे बघा. शहरात मर्यादा ताशी ४० किलोमीटर आहे. आणि दहावीचे जादा तास बस सुटल्यावर असतात. त्या वर्षी आणायला कोण जाणार, हे घरात आधी ठरवा.

शाळेत जाल तेव्हा ठरवून दिलेल्या दिवशी जाऊ नका. मधली सुट्टी संपताना जा. पाण्याची टाकी आणि मुलींचं स्वच्छतागृह त्या वेळी कसं असतं ते बघा. शक्य असेल तर नववीतल्या कुणाची गणिताची वही मागून चाळा. पानापानावर नुसत्या बरोबरच्या खुणा असतील तर ती तपासलेली नाही, सही केलेली आहे. चूक झालेल्या गणिताशेजारी शिक्षकानं एखादी ओळ लिहिली असेल तर शाळेबद्दल चांगलं मत करायला हरकत नाही. अभ्यासक्रम कधी संपतो हेही विचारा: डिसेंबरअखेर संपला तर जानेवारीत पूर्वपरीक्षा घेऊन फेब्रुवारीतल्या बोर्डाआधी चुका दुरुस्त करायला वेळ मिळतो.

प्रवेश ठरला की जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतः वाचा. जुन्या शाळेचा दाखला, जन्मदाखला आणि आधार यांवर मुलाचं, वडिलांचं आणि आईचं नाव अक्षरन्‌अक्षर एक हवं. इंग्रजी शाळांत जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' लिहायची सवय आहे. पुढे जातीचा दाखला आणि पडताळणी करताना नेमकी तीच ओळ मागतात. जात आणि पोटजात लिहायची असेल तर प्रवेशाच्या दिवशीच पुराव्यासकट लिहून घ्या. दहावीचं प्रमाणपत्र एकदा छापून आलं की 'पाटील' चं एक जास्तीचं 'ए' काढायलाही शाळा, शिक्षणाधिकारी कार्यालय आणि मंडळ अशा फेऱ्या माराव्या लागतात.