आयातीच्या कागदांत न दिसणारा कामगार

बॅलार्ड पिअरजवळच्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत मी अठरा वर्षे आयात-निर्यातीचे कागद तयार करतो. व्हिएतनामहून स्टेनलेस स्टीलच्या पाइपांचा कंटेनर न्हावाशेवाला आला, की बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयात मालाच्या सीमाशुल्क खात्याकडे भरायच्या विवरणात, भारत आणि आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराची सवलत देणारी सीमाशुल्काची अधिसूचना क्रमांक 46/2011 नोंदवायची आणि उगमाचे प्रमाणपत्र जोडायचे. मालाचे किमान 35 टक्के मूल्य आसियान देशांत घडले आहे ही त्यातली एक मुख्य अट असते आणि ती मान्य झाली, की मूळ सीमाशुल्कात सवलत मिळते.

माझा थोरला मावसभाऊ साकीनाक्याच्या एका गाळ्यात अशाच पाइपांना बफिंग करायचा, म्हणजे यंत्रावर घासून चकाकी आणायचा. संध्याकाळी घरी आला, की त्याच्या नाकपुड्या काळ्या असत आणि बोटांच्या रेषांत पॉलिशचा साबण बसलेला असे. बाहेरचा चकचकीत पाइप स्वस्त मिळू लागल्यावर गाळ्याकडचे काम आटले. केवळ करारामुळे गाळा बंद पडला असे मी म्हणणार नाही. जागेचे भाडेही मालकाला झेपत नव्हते. पण काम गेले आणि सेहेचाळिसाव्या वर्षी दादा पवईतल्या एका सोसायटीत बारा तासांच्या पाळीवर रखवालदार झाला.

दुसरी बाजूही मी रोज पाहतो. 1 मे 2022 रोजी संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार लागू झाला आणि आपल्या दागिन्यांवरचे तिथले 5 टक्के शुल्क गेले. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिन्यांत खडे बसवण्याचे काम करणाऱ्या आमच्या शेजारच्या वहिनींना त्यानंतर ओव्हरटाइम मिळू लागला. करार नसलेल्या बाजाराचा भरवसा किती, हे त्यांनीच पुढे अनुभवले: 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतीय मालावरचे जादा शुल्क 50 टक्क्यांवर नेले आणि त्यांच्या युनिटमधल्या पाळ्या कमी झाल्या. म्हणून मी करारांच्या विरोधात नाही.

मात्र गेलेले काम आणि आलेले काम एकाच माणसाच्या हाती पडत नाही. बफिंग करणारा हात खडे बसवायला लागत नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनश्टाइन यांच्याशी झालेल्या, 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू असलेल्या करारात 15 वर्षांत 100 अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि 10 लाख थेट रोजगार यांचे उद्दिष्ट लिहिलेले आहे. जाणाऱ्या कामाविषयी असा आकडा कुठल्याही करारात माझ्या नजरेस पडलेला नाही. अमेरिकेत आयातीमुळे काम गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी योजना 1962 पासून होती. तिच्यात उणिवा होत्या, 2022 मध्ये तिची मुदतही संपली, तरी नुकसान कोणाचे झाले हे तिथे निदान विचारले जात होते.

आपल्याकडे तर माहिती आधीच हाताशी असते. कोणता माल, कोणत्या देशाचा, कोणत्या सवलतीत आणि किती वाढला, हे आम्ही भरलेल्या प्रत्येक बिल ऑफ एंट्रीत नोंदलेले असते. पाइपांची आयात वाढू लागली त्याच तिमाहीत साकीनाका, भांडुप, वसईच्या गाळ्यांत ही खबर पोहोचवता आली असती आणि हातात पगार असतानाच दादाला आयटीआयच्या संध्याकाळच्या वर्गात बसता आले असते.