पत्रपेटीवर नाव लावलंत का?

जर्मनीतल्या एका विद्यापीठात परदेशी संशोधकांचं बस्तान बसवून देणं हे माझं काम. जुलैअखेरीस एक मराठी पोस्टडॉक पगाराची पावती घेऊन आल्या. "ताई, एवढा पगार कापला कशानं?" विचारतानाच त्यांचा आवाज कापत होता.

पावतीवर कर-वर्ग सहा होता, म्हणजे सगळ्यात जड कपातीचा. कर क्रमांक न मिळाल्यास पगार विभाग जास्तीत जास्त तीन महिने अंदाजाने कर कापू शकतो. मग मात्र मागच्या महिन्यांचाही हिशेब सहाव्या वर्गाने होतो. त्या एप्रिलमध्ये रुजू झाल्या होत्या आणि क्रमांक अजून आलाच नव्हता.

कागदपत्रं तर चोख होती. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, तो नोंदवलेला. त्यासाठी 2015 पासून लागणारा घरमालकाचा लेखी दाखलाही जोडलेला. नोंदणी झाली की केंद्रीय कर कार्यालय 11 अंकी क्रमांक आपणहून टपालाने पाठवतं, फोनवर किंवा ईमेलवर सांगत नाही. मी विचारलं, "बाकीचं टपाल येतं का?" आरोग्य विम्याचं कार्डही आलं नव्हतं. बाळाला ताप होता आणि कार्डाशिवाय डॉक्टरांकडे जायचं कसं म्हणून त्या दोन दिवस थांबल्या होत्या.

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. कार्ड नसलं तरी विमा कंपनीकडून तात्पुरतं प्रमाणपत्र मागवता येतं, ते दाखवून उपचार होतात. नव्या माणसाला हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं. मी लगेच कंपनीला फोन लावला. प्रमाणपत्र थेट दवाखान्यात पोचलं आणि दुपारी बाळाला तपासलं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. पत्रपेटीवर आधीच्या भाडेकरूचं आडनाव! इथल्या पत्त्यात बहुधा फ्लॅटचा क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो आणि नाव सापडलं नाही की पत्र परत जातं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असल्याने आम्ही दोन्ही लावली, बेलवरसुद्धा. कर क्रमांक पुन्हा पाठवण्याचा अर्ज त्याच रात्री ऑनलाइन भरला. पत्र आल्यावर पुढच्या पगारात जास्तीचा कर परत जमा झाला.

माझ्या मते व्हिसाच्या कागदपत्रांच्या यादीइतकंच पेटीवरचं नाव महत्त्वाचं आहे, कारण या देशात बँक, विमा, कर यांचं बरंच काम अजून कागदावर आणि टपालाने चालतं. घरामागे महिना 18.36 युरोच्या प्रसारण शुल्काचं (सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीच्या) पत्रही असंच येतं. जाहिरात समजून ते टाकू नका. आणि 'इथे पत्ता नोंदवता येणार नाही' अशी अट असलेली खोली, कितीही स्वस्त असली तरी, घेऊ नका. नोंदणीशिवाय कर क्रमांक अडतो, निवास परवान्याचं कामही अडतं.

घराची किल्ली मिळाली असं कुणी कळवलं, की आता मी आधी पत्रपेटीचा फोटो मागते. त्यात घरातल्या सगळ्यांची आडनावं दिसली की मगच पुढचे अर्ज भरायला घेतो.