न्यूफाउंडलंडचे पफिन आणि जिन्यातले फोटो

कॅनडाच्या अगदी पूर्वेला न्यूफाउंडलंड बेट, तिथल्या सेंट जॉन्सपासून गाडीने अर्ध्या तासावर बे बुल्स गाव, आणि तिथून बोट जाते विटलेस बेच्या बेटांकडे. उत्तर अमेरिकेतली अटलांटिक पफिन या समुद्रपक्ष्याची सगळ्यात मोठी वसाहत, अडीच लाखांच्या वर जोड्या! जमिनीत बीळ करायचं, वर्षाला एकच अंडं. बोट हलत असते, पफिन सुसाट जातो, फोटो मिळाला तर मिळाला.

पण मला सांगायचंय ते मी राहिलो त्या घराबद्दल. जिन्यात पफिन, गॅनेट हा दुसरा समुद्रपक्षी, मूस नावाचं मोठं हरीण यांचे फिल्मवर काढलेले फोटो लावलेले आणि काय फोटो होते, पक्षी उतरताना पंख कधी मागे घेणार हे त्या माणसाला आधीच कळत असणार. घरमालकीण काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "धाकटा भाऊ माझा. छत्तिसाव्या वर्षी गेला. वडील आणि दोन काका पण असेच गेले."

इथल्या काही घराण्यांत धडधाकट पुरुष चालता बोलता कोसळायचे. आजाराचं नाव एआरव्हीसी. हृदयाच्या स्नायूच्या जागी हळूहळू चरबी आणि चिवट तंतू येतात, ठोके बिघडतात आणि एक दिवस हृदय थांबतं. आई किंवा वडिलांकडून येतो, प्रत्येक मुलाला फिफ्टी-फिफ्टी चान्स. उपाय नाही केला तर निम्मे पुरुष चाळिशीपर्यंत जातात, पन्नाशीपर्यंत 80 टक्के, बायकांत हेच आकडे 5 आणि 20, म्हणजे मागे राहतात त्या बहिणी आणि बायका, आणि कोण कुठे कसा पडला हे सगळं त्यांनाच पाठ.

त्यांच्या त्या आठवणींवरच तर वंशावळी उभ्या राहिल्या! मेमोरियल युनिव्हर्सिटीच्या कॅथी हॉजकिन्सन यांनी वर्षानुवर्षं ही घराणी जोडली आणि 2008 मधे टेरी-लिन यंग यांच्या टीमने 15 घराण्यांच्या अभ्यासातून दोष पकडला, टीएमईएम43 जीनमधलं एकच अक्षर बदललेलं. काकूंच्या भावाने जायच्या आधी रक्त दिलं होतं. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या फोटोंपेक्षा ती एक बाटली मोठी.

काकूंच्या मुलाची टेस्ट पॉझिटिव्ह आली. त्याच्या छातीत आता आयसीडी आहे, ठोके भरकटले की ते मशीन आतूनच शॉक देतं, एकदा देऊनही झालाय. हॉकी सोडावी लागली कारण जोराच्या व्यायामाने हा आजार वाढतो, पण चालायला हरकत नाही, मग मामाच्या लेन्सा घेऊन किनाऱ्याने फिरतो आणि फोटो मामासारखेच काढायला लागलाय.

आपल्याकडचा दोष वेगळा. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी3 जीनमधली 25 अक्षरं गळालेली, 2009 च्या अभ्यासाप्रमाणे साधारण 4 टक्के भारतीयांत हे सापडतं, त्यात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ थंगराज होते. आणि आपण काय म्हणतो, झोपेत गेले, सुटले.

काकूंनी मलाच विचारलं, तुमच्या घरात कोण कसं गेलं? आजोबांच्या मागचं मला काहीच माहीत नव्हतं. आता आत्याकडून एकेक नाव लिहून घेतोय, पन्नाशीच्या आत गेलेले दोन निघालेत, माझा ईसीजी आणि इको झालाय, भावाचा पुढच्या आठवड्यात आहे.