नर्स, नेमबाज आणि एक हेअरपिन

आज परिचारिका दिन. सकाळपासून सोशल मीडियाच्या भिंतीवर नाइटिंगेलबाईंचे दिवेच दिवे. योग्यच आहे, पण जपानच्या निइजिमा याए (१८४५-१९३२) कुणालाच आठवू नयेत?

बंदुकीचं शिक्षण देणाऱ्या घरातली ही लेक. १८६८ मध्ये आयझुच्या किल्ल्याला महिनाभर वेढा पडला, तेव्हा केस कापून, स्पेन्सर रायफल घेऊन आत शिरली. सात काडतुसं दस्त्यातल्या नळीत. खालचा खटका ओढला की पुढचं काडतूस वर, घोडा मात्र दरवेळी अंगठ्याने चढवायचा. अडचण अशी की ही धातूची काडतुसं कागदी काडतुसांसारखी गडावर वळता येत नाहीत. संपली की संपली!

बाकी बायका भात रांधत, जखमी सांभाळत आणि पडलेल्या तोफगोळ्यांवर ओल्या गोधड्या टाकत. वात विझली तर ठीक. क्षणभर उशीर झाला तर गोधडीसकट बाई गेली.

शरणागतीच्या रात्री याएंनी केसांतल्या पिनेने भिंतीवर ३१ मात्रांची कविता कोरली, असं सांगतात. उद्या रात्री या ओळखीच्या गडावरचं चांदणं कुठल्या मुलखातलं कोण बघेल? बस, एवढंच. रडारड नाही.

पुढे १८९० मध्ये त्या रेडक्रॉसमध्ये गेल्या. चीनशी युद्ध पेटल्यावर हिरोशिमाच्या लष्करी रुग्णालयात ४० नर्सांच्या प्रमुख. त्या युद्धात गोळीपेक्षा कॉलरा, हगवण आणि बेरीबेरीने जास्त सैनिक मेले. बेरीबेरीचं मूळ तर शिपायांच्या कोंडा काढून पांढऱ्याशुभ्र केलेल्या तांदळात होतं. कोंड्याबरोबर बी-१ जीवनसत्त्वही गेलेलं. शुश्रूषा कितीही करा, ताटात तोच भात!

१८९६ मध्ये सरकारने त्यांना पदक दिलं. रशियाशी युद्ध झालं तेव्हा साठीच्या घरात असूनही ओसाकाच्या रुग्णालयात पुन्हा हजर.