मनाली-लेह बुलेटवर: डॅम्परवर पैसे घालण्याआधी हे वाचा

लेहच्या वाटेवरच्या मोरे प्लेन्स या पठारावर ताशी ७५ ओलांडले की माझी गाडी मागून डोलायला लागायची. हँडल जवळजवळ शांत, पण सीटखालची सगळी गाडी डावीकडे-उजवीकडे झोके घेत होती. आणि हे टाळायलाच निघण्याआधी पुढे साडेचार हजारांचा स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलची थरथर दाबणारा दांडा, बसवला होता! नाना पेठेतल्या एका दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं, "साहेब, हा लावा आणि वॉबल विसरा." बसवायचे पंधराशे वेगळे घेतले. लडाखला निघालेल्या प्रत्येकाच्या गळ्यात ही वस्तू मारली जाते, म्हणून सविस्तर लिहितोय.

मनाली ते जिस्पा सोपं आहे. अटल बोगद्यामुळे रोहतांग टळतो. तांडीला टाकी आणि कॅन भरून घ्या, बस्स.

आधी एक फरक नीट समजून घ्या, दुकानात तो कोणी सांगत नाही. हँडल सेकंदाला सहा ते दहा वेळा थरथरतं तो वॉबल, तो पुढच्या बाजूचा आजार. सेकंदाला दोन-चार झोके घेत अख्खी गाडी नागमोडी जाते तो वीव्ह, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा मागे असतं: मागचं ओझं, मागचा टायर, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश. डॅम्पर पहिल्यावर चालतो. दुसऱ्यावर त्याचा उपयोग नाही, उलट वेगात तो वीव्ह वाढवूही शकतो. माझ्या गाडीला दुसरा आजार होता आणि औषध पहिल्याचं विकलं गेलं.

सगळ्यात वाईट तुकडा गाटा लूप्सचा. केलाँगला एका गॅरेजवाल्याने "कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) ढिला आहे" म्हणत तो आवळून दिला आणि दहा मिनिटांच्या कामाचे बाराशे घेतले. आवळला तोही इतका की हँडल मधोमध अडकायला लागलं. वर डॅम्परचा जडपणा. एकवीस वळणं, प्रत्येक वळणावर पहिला गिअर, समोरून ट्रक, आणि हँडल हवं तेव्हा फिरेना. पुढे व्हिस्की नाल्याच्या बाजूला भुसभुशीत मातीत पुढचं चाक मोकळं खेळायला हवं असतं, तिथे तर मी अक्षरशः गाडीशी कुस्ती खेळत होतो. पांगला पोहोचलो तेव्हा खांदे वर उचलत नव्हते. तिथेच डॅम्पर काढून बॅगेत टाकला. कोनसेट थोडा सैल केला. सी-स्पॅनर (कोनसेटचा पाना) जवळ ठेवा, त्या पट्ट्यात कोणाकडे मिळेल याचा भरवसा नाही.

डॅम्पर नाही आणि कोनसेटही ठीक, तरी पुढे मोरे प्लेन्सवर गाडी डोललीच. मनालीपासून घाटात चाळीसच्या वर वेग जात नाही, म्हणून दुखणं दिसत नाही. या पठारावर रस्ता सरळ होतो, दुपारनंतर आडवा वारा सुटतो आणि सगळं उघडं पडतं. शेवटी रस्त्याकडेला थांबलो. लडाख कॅरिअरच्या (मागे सामान बांधायच्या लोखंडी सांगाड्याच्या) मागच्या टोकाला लटकवलेले पेट्रोलचे पाच-पाच लिटरचे दोन्ही कॅन टाकीच्या दोन बाजूंना बांधले, तंबू कॅरिअरवरून काढून मागच्या सीटवर घेतला. ऐंशीलाही गाडी तीरासारखी सरळ! टांगलांग ला ही खिंड चढताना मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने गात होतो. वजन तेवढंच होतं, फक्त मागच्या अॅक्सलच्या पलीकडे लोंबकळत नव्हतं. लेहला एका म्हाताऱ्या मेकॅनिकने चिमटा हलवून बुश झिजल्याचंही दाखवलं आणि वाजवी पैशात बदलून दिले.

तेव्हा निघण्याआधी पुण्यातच गाडी मेन स्टँडवर घ्या. पुढचं चाक उचलून फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनचे) पाय खालून धरा आणि पुढे-मागे ओढा. टक्‌ लागलं तर कोनसेट ढिला. हँडल मधोमध अडकलं तर जास्त आवळलाय किंवा त्याच्या वाट्यांना खड्डे पडलेत, मग बदलाच. मागचं चाक आडवं ढकला, खेळ जाणवला तर चिमट्याचे बुश. मधोमध चपटा झालेला मागचा टायर घेऊन येऊच नका. हवा रोज सकाळी, टायर थंड असताना मोजा.

फोर्क ब्रेसबद्दल, म्हणजे फोर्कचे दोन पाय एकमेकांना जोडणाऱ्या पट्टीबद्दल, माझं मत चांगलं आहे. रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिकचे फोर्क ३५ मिलिमीटरचे, बारीक. खडबडीत रस्त्यावर ते पिळतात आणि ब्रेसने फरक पडतो. बसवताना बोल्ट सैल ठेवून सस्पेन्शन चार-पाच वेळा दाबा, मगच आवळा, नाहीतर फोर्क अडकतात. २०२१ नंतरच्या क्लासिकला ४१ मिलिमीटरचे फोर्क आहेत, तिथे गरज नाही. डॅम्पर या रस्त्यासाठी घेऊ नका. आधीच घेतला असेल तर पूर्ण सैल ठेवा.

चालू गाडीत डोलणं सुरू झालं तर हँडल घट्ट धरू नका, ब्रेक दाबू नका. गुडघ्यांनी टाकी पकडा, अंग पुढे झुकवा, थ्रॉटल हळूहळू सोडा. गाडी सावरली की थांबा आणि सामान पुढे घ्या.