दीड दोनदा वाजला

दिवाळीचं ऑन-कॉल, म्हणजे सणाच्या दिवशीही क्लायंटचं काम सांभाळायची पाळी, कुणाच्या गळ्यात पडणार यावरून आमच्या टीममध्ये दर वर्षी महाभारत होतं. 2024 ला ते माझ्या गळ्यात पडलं. मॅनेजरचं तर्कशास्त्र असं, की "भाऊबीजेला भाऊच तुझ्याकडे येणार ना? मग तुला कुठे जायचंय?" यावर काय बोलायला हवं होतं ते मला सुचलं, पण रात्री ओटा पुसताना.

3 नोव्हेंबर, रविवार. इकडे भाऊबीज, आणि तिकडे अमेरिकेत नोव्हेंबरचा पहिला रविवार. म्हणजे उन्हाळ्यापुरती तासभर पुढे केलेली घड्याळं रात्री दोन वाजता परत एक तास मागे.

आमचं काम प्रॉडक्शन सपोर्टचं, म्हणजे क्लायंटची रोजची चालू सिस्टिम सांभाळायचं. क्लायंट म्हणजे तिथल्या पूर्व किनाऱ्यावरची दुकानांची एक साखळी, नाव सोडून देते. रोज रात्री त्यांच्या दीड वाजता एक जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारा प्रोग्राम, चालतो. दिवसभराची विक्री आणि शिल्लक माल बघून तो प्रत्येक दुकानासाठी ऑर्डर तयार करतो. तीन वाजता दुसरा जॉब त्या सगळ्या ऑर्डरी पुरवठादारांकडे पाठवून देतो. एकदा त्या गेल्या की गेल्या. मग ट्रक भरायला लागतात.

हे घड्याळ मागे-पुढे करणं बाहेरच्यांना गमतीचं वाटतं. आमच्या घरात ते वर्षातून दोनदा येणारं दुखणं आहे. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. त्या एका तासासरशी कॅबची वेळ हलते, जेवण हलतं, मुलाचा अभ्यास माझ्याकडून नवऱ्याकडे जातो. बरं, हलायचं तर सगळ्यांनी एकदम हलावं, तेही नाही. लंडनवाले ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हलतात, म्हणजे त्या वर्षी 27 तारखेला, आणि अमेरिकावाले पुढच्या आठवड्यात. मधल्या आठवड्यात दोघांमधला पाच तासांचा फरक चारच तासांचा होतो आणि रोजचा कॉल लंडनच्या टीमच्या बरोबर जेवणाच्या वेळेवर जाऊन बसतो. मार्चमध्ये तर ही भानगड दोन-तीन आठवडे चालते. क्लायंटचा एक माणूस ॲरिझोनात राहतो. तिथे बहुतेक भागात घड्याळ बदलतच नाहीत. तो या दिवसांत फार खुशीत असतो.

सासूबाईंना मी एकदा हे सगळं समजावून सांगितलं होतं. उजेड, उन्हाळा, विजेची बचत, पहिलं महायुद्ध, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उद्यापासून तुझा डबा किती वाजता भरायचा?"

तर भाऊबीज. धाकटा भाऊ साताऱ्याहून सकाळच्या एसटीने आला. मी स्वयंपाकघरात एक डोळा आणि लॅपटॉपवर एक डोळा अशी. अकरा वाजता, म्हणजे त्यांच्या दीडला, ऑर्डरींचा जॉब सुरू झाला. सव्वाअकराला सक्सेसची मेल आली. पुऱ्यांची कणीक भिजवली. साडेअकराला चेकलिस्टमधली मुख्य गोष्ट होती, सर्व्हरचं घड्याळ खरंच मागे जातंय का ते बघणं. काळ्या स्क्रीनवर मी वेळ विचारत बसले. 01:59:57. 01:59:58. 01:59:59. 01:00:00. इतकी वर्षं या कामात आहे, तरी तो आकडा मागे पडताना पाहिला की पोटात काहीतरी होतंच. चेकलिस्टवर टिक केली.

11:38 ला अलर्ट आला. विक्रीचा एक रिपोर्ट 'असाधारण वेळ' दाखवत होता. उघडून बघितलं तर सुरुवात 01:52, शेवट 01:07, लागलेला वेळ उणे 45 मिनिटं. मला हसू आलं. काम पंधरा मिनिटांचंच होतं, बावन्नला सुरू झालं, मधे घड्याळ मागे गेलं, सातला संपलं. 'घड्याळ बदलामुळे, काही करायची गरज नाही' असं लिहून तिकीट, म्हणजे त्या अडचणीची नोंद, बंद केलं. आता विचार केला की वाटतं, तिथेच मी फसले. त्या उणे पंचेचाळिसाने मला गाफील केलं. घड्याळबदलाचा काय तो गोंधळ होऊन गेला, अशा समजुतीत मी लॅपटॉप बंद न करता नुसता बाजूला सारला आणि पाट मांडला.

ओवाळायला बारा वाजून गेले. भावाला टोपी घातली, कुंकू लावलं, अक्षता लावल्या. सोन्याची अंगठी आणि सुपारी ओवाळून झाली. तबक हातात घेतलं तेवढ्यात माझा फोन थरथरला. तो भावाच्या गुडघ्याशीच पडलेला होता. त्याने वाकून वाचलं.

"ताई, तुझं ते सक्सेस झालंय म्हणे."

"ते मघाशीच झालं."

"नाही गं, आत्ता आलंय. बारा सोळाला."

निरांजनाची वात थोडी मोठी लागली होती, ती फडफडत होती. मी दोन घिरट्या घातल्या, तिसरी अर्धवट राहिली. तबक सासूबाईंच्या हातात दिलं आणि लॅपटॉपकडे धावले.

घडलं होतं ते इतकं साधं, की कुणाला सांगायची लाज वाटावी. त्या रात्री तिथे दीड दोनदा वाजला होता. एकदा घड्याळ मागे जायच्या आधी, एकदा नंतर. आणि आमचा शेड्यूलर, म्हणजे वेळेवर जॉब सुरू करणारा प्रोग्राम, कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी घरच्या घरी लिहिलेला. त्याला एकच कळतं, घड्याळात दीड वाजला की जॉब चालव. आज एकदा चालवलाय का, हे तो विचारतच नाही. हेच काम करणारं लिनक्सचं नेहमीचं क्रॉनसुद्धा बहुतेक ठिकाणी एवढं सांभाळून घेतं. आणि मागच्या वर्षापर्यंत हे कधी झालं नाही, कारण हा जॉब आधी पाऊण वाजता चालायचा. दुकानांचा डेटा उशिरा येतो म्हणून उन्हाळ्यात तो दीडवर आणला. मीच आणला. तिकिटावर माझंच नाव आहे.

218 दुकानं, प्रत्येकाची ऑर्डर दोनदा. वर दोन्ही वेळा सक्सेस, म्हणून अलर्ट कसला येणार? त्यांचे तीन वाजायला, म्हणजे आपला दीड वाजायला, एक तास बारा मिनिटं होती.

दुसऱ्या फेरीतल्या ऑर्डरी उडवायच्या एवढंच काम. पण दुसऱ्या फेरीतल्या कुठल्या? टेबलात वेळेचा रकाना होता, त्यात स्थानिक वेळ, पुढे मागे काही खूण नाही. पहिल्या फेरीची पहिली ऑर्डर 01:30:04 ची, दुसऱ्या फेरीचीही 01:30:04 ची. वेळेप्रमाणे लावलं की दोन्ही फेऱ्या पत्त्यांसारख्या पिसून निघत. शेवटी ऑर्डरींचे अनुक्रमांक कामाला आले. घड्याळ मागे जातं, अनुक्रमांक जात नाहीत. पहिल्या फेरीच्या लॉगमधून शेवटचा क्रमांक काढला. त्याच्या पुढचे सगळे नकोत.

पण प्रॉडक्शनमधलं काही उडवायचं तर क्लायंटची परवानगी लागते. त्यांच्या ऑन-कॉल माणसाला फोन लावला. चौथ्या वेळी उचलला. आपले साडेबारा, त्याचे रात्रीचे दोन. मी सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, "आज मला एक तास जास्त झोप मिळणार होती." त्याचा खरंच राग आला नाही. पण परवानगी त्याच्या वरच्याची लागायची होती, आणि वरचा उठायला आणखी वीस मिनिटं गेली.

1:11 ला डिलीट चालवलं. आकडा मोजला. परत मोजला. बरोबर अर्धा. दीडला फाईल गेली ती एकेकच ऑर्डर घेऊन.

बाहेर आले तर ओवाळणं सासूबाईंनी पुरं केलं होतं, भाऊ पानावर बसून होता आणि पुऱ्या चामड्यासारख्या झाल्या होत्या. तबकात त्याने पाकीट टाकलेलं. "आई ओवाळत होत्या, म्हणून त्यांनाच घालणार होतो," म्हणाला. श्रीखंड मात्र छान झालं होतं.

पुढच्या आठवड्यात आरसीएची, म्हणजे चूक मुळात का झाली हे शोधायची, मीटिंग झाली. मी म्हटलं, सगळं यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर न्या, तिथे घड्याळ बदलत नाही. क्लायंट म्हणाला, आमच्या दुकानांतल्या लोकांना यूटीसी कळत नाही. मग कुणीतरी तोडगा काढला की जॉब दीडच्या ऐवजी अडीचला चालवू या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला विचारावं लागलं, "आणि 9 मार्चला?" त्या रात्री तिथे दोनचे थेट तीन होणार होते. अडीच वाजणारच नव्हते. आमच्या त्या शेड्यूलरने ऑर्डरच काढली नसती. शेवटी जॉब सव्वातीनला आणि पाठवणं साडेचारला, असं ठरलं.

आमच्या टीमचे सगळ्यात जुने गृहस्थ मीटिंग संपल्यावर चहाला म्हणाले, "तुमचं बरंय. 2007 ला अमेरिकेने या तारखाच बदलल्या. एप्रिलचं मार्चवर आणलं, ऑक्टोबरचं नोव्हेंबरवर नेलं. आम्ही महिनाभर नुसते पॅच मारत होतो." मार्च 2022 मध्ये त्यांच्या सिनेटने हे बदलणं कायमचं बंद करायचं विधेयक एकमताने मंजूर केलं, तेव्हा याच गृहस्थांनी पेढे आणले होते. ते पुढे खालच्या सभागृहात अडकलं ते अडकलंच. पेढे आम्ही खाऊन बसलो होतो.

2025 ला भाऊबीज 23 ऑक्टोबरला, गुरुवारी आली. भावाचा आदल्या दिवशी मेसेज : "उद्या दीड एकदाच ना?" ओवाळणं निवांत झालं. दहा दिवसांनी घड्याळ बदललं, तेव्हा ऑन-कॉल दुसऱ्याचं होतं. दुपारी त्याचा मला फोन आला. रिपोर्ट उणे 46 मिनिटं दाखवतोय, काय करू?

तो रिपोर्ट दुरुस्त करायचं तिकीट मी मागच्या वर्षीच टाकलं होतं. प्राधान्य : कमी.