पोलसचा कलश आणि बालगंधर्वांची भामिनी

मी एका पर्यटन कंपनीत टूर मॅनेजर आहे. ग्रीसच्या सहलीत मायसिनी आणि एपिडॉरस ही दोन्ही ठिकाणे आम्ही एकाच दिवशी पाहतो. ज्या घराण्याची कथा सकाळी मायसिनीच्या सिंहद्वारापाशी ऐकायची, त्याच घराण्याची माणसे ज्या रंगमंचावर उभी राहिली तो दुपारी पाहायचा, हा क्रम मला मनापासून आवडतो. ग्रीसमध्ये पुरातत्त्वस्थळावर माहिती सांगण्याचा अधिकार परवानाधारक गाइडलाच असल्याने माझे काम तेथे मुख्यतः दुभाष्याचे असते.

त्या दिवशीही कथा बसमध्येच सांगून झाली होती. ट्रॉयच्या स्वारीसाठी अनुकूल वारा मिळावा म्हणून मायसिनीचा राजा अ‍ॅगमेम्नॉनने आपली मुलगी इफिजिनाया बळी दिली, दहा वर्षांनी तो परतल्यावर त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा हिने प्रियकराच्या साथीने त्याला ठार केले, आणि दुसरी मुलगी इलेक्ट्रा पित्याच्या सुडासाठी भावाची, ओरेस्टिसची, वाट पाहत राहिली. ग्रीक अभिनेत्री आयरीन पापासचे नाव निघताच ठाण्याचे एक आजोबा म्हणाले, “म्हणजे ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’मधली ना?” तीच. मायकेल कॅकोयानिसच्या १९६२ च्या चित्रपटात ती इलेक्ट्रा झाली आणि त्याच दिग्दर्शकाच्या १९७७ च्या ‘इफिजिनाया’त क्लायटेम्नेस्ट्रा, म्हणजे मुलगी होऊन जिच्या वधाला ती उभी राहिली, तिचीच बाजू पुढे आई होऊन तिने मांडली. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीही हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत.

एपिडॉरसचे नाट्यगृह इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले. चुनखडीच्या दगडी आसनांच्या ५५ ओळी डोंगरउतारावर चढत जातात आणि सुमारे १४,००० माणसे तेथे बसू शकतात. मध्यभागी उभे राहून कागद फाडायचा आणि त्याचा आवाज वरच्या ओळीपर्यंत पोहोचतो का ते पाहायचे, हा पर्यटकांचा ठरलेला खेळ आमच्याही मंडळींनी खेळून घेतला. मग सगळे बसल्यावर गाइडने सांगितले की आधुनिक काळात येथे पहिला प्रयोग १९३८ साली झाला, तो सोफोक्लिसच्या ‘इलेक्ट्रा’चा, आणि त्यात कातिना पाक्सिनू इलेक्ट्रा होती. पुढे हॉलिवूडमध्ये जाऊन ऑस्कर मिळवणारी ती हीच.

त्याच नाटकाच्या ओघात पोलसची गोष्ट निघाली. पोलस हा इजायना बेटावरचा, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला नामांकित नट. त्या काळी स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच मुखवटे घालून करीत. नाटकात ओरेस्टिस वेश पालटून येतो आणि स्वतःच्याच अस्थींचा म्हणून एक कलश बहिणीच्या हाती देतो; भाऊ गेला असे समजून इलेक्ट्रा तो कलश उराशी धरून विलाप करते. ऑलस गेलियस या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे की पोलसचा मुलगा नुकताच वारला होता, आणि अथेन्समधल्या प्रयोगात त्याने थडग्यातून मुलाच्याच अस्थींचा कलश आणून तो विलाप केला.

मी हे मराठीत सांगून संपवले आणि मंडळींत एकदम खळबळ झाली. “अहो, अस्थी काय नाटकात आणायच्या असतात?” एक काकू जवळजवळ रागावूनच म्हणाल्या. ज्या समाजात अस्थी कधी एकदा नदीत विसर्जित होतात याची घरभर घाई असते, तेथून आलेल्या माणसांना ही गोष्ट निव्वळ कलेची म्हणून ऐकता येईना, आणि ते मला स्वाभाविकच वाटले.

तेवढ्यात आजोबा उठले. “आणि बालगंधर्व?” त्यांनी विचारले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, तरीही त्यांनी प्रयोग थांबू दिला नाही आणि भामिनी रंगवली. आता दुभाष्याचे काम उलट दिशेने सुरू झाले. गाइडने हे नाव कधी ऐकले नव्हते. तिने आधी विचारले, भामिनी शोक करते का? मी सांगितले की नाही. ती धनिकाची मानी लेक आहे, तिच्या वाट्याला रुसवा आहे, प्रेम आहे, पदे आहेत. गाइड थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की मग तुमच्या नटाचे काम अधिक अवघड होते, कारण पोलसने दुःख भूमिकेत ओतले आणि याला ते भूमिकेबाहेर ठेवावे लागले.

काकूंना हे पटले, पण आजोबांना पुरते पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की पोलसच्या चेहऱ्यावर मुखवटा होता, मुखवट्याआड तो खरोखर रडत होता की नाही हे वरच्या ओळीतल्या माणसाला केवळ आवाजावरूनच कळणार; बालगंधर्वांना मात्र आवाज आणि चेहरा दोन्ही सांभाळायचे होते. हा वाद बस सुटण्याची वेळ उलटून गेली तरी पायऱ्यांवर चालूच राहिला, आणि नाफ्प्लिओला पोहोचायला आम्हाला उशीर झाला.